फक्कीचे घर

उंबरमाळावरच्या त्या घराला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते. आणि तरीही आत शिरताना माणसे पायताणे बाहेर काढून ठेवीत.

घर म्हणजे जमिनीवर चुन्याच्या फक्कीने ओढलेल्या रेघा. लांबी तीस फूट, रुंदी अठरा. पूर्वेला पडवी, मधे बाळंतिणीची खोली, तिच्या अंगाला नर्सबाईंची खोली, मागे न्हाणी. भिंत असेल तिथे सलग रेघ, दार असेल तिथे रेघ तुटलेली, खिडकीच्या जागी दोन बारीक रेघा शेजारी शेजारी. जयवंताने हे सारे पहिल्या दिवशी एकदाच समजावून सांगितले होते, तेही खाली मान घालून, हातातल्या दोरीशी बोलल्यासारखे. पण माळावरच्या माणसांनी ते मनावर घेतले. आठवडाभरात शेरडे राखणाऱ्या बायादेखील कळप त्या रेघांना वळसा घालून नेऊ लागल्या.

एकदा गावचे म्हातारे अप्पा बोलता बोलता सरळ रेघ ओलांडून आत आले. त्यांची नात्यातली भावजय फुलाबाई तिथे उभी होती. ती म्हणाली, "भावजी, भिंतीतनं आलात व्हय? डोकं न्हाय ना फुटलं?"

"म्हाताऱ्याला भिंत दिसत न्हाय बाई. दार कुठंशी हाय?"

"त्ये काय, पडवीत. आन् वहाणा काढा. दवाखाना हाय."

अप्पा मुकाट्याने बाहेर गेले, वहाणा काढल्या, आणि दारातून पुन्हा आत आले. सगळे हसले. जयवंताही हसला. आयुष्यात आपण काढलेल्या रेघेला कुणी इतका मान दिल्याचे त्याला आठवत नव्हते.

तो बारामतीच्या निरगुडकर आणि मंडळी या स्थापत्यकारांच्या पेढीत आरेखक होता. भिगवण रस्त्यावर एका अडत दुकानाच्या माडीवर त्यांची कचेरी होती. खाली गुळाच्या ढेपा, वर कागदाच्या गुंडाळ्या. उन्हाळ्यात त्या कागदांनाही गुळाचा वास येई. पेढीचे पोट गोदामे, चाळी आणि बंगले यांच्यावर भरे, पण मालक मोहनराव निरगुडकर यांचा जीव वेगळ्याच गोष्टींत अडकलेला असे. कुठल्या खेड्यात ओटा किती उंच घालतात, देवळी भिंतीत किती खोल ठेवतात, चुलीचा धूर कुठून काढतात, याची मापे ते वहीत उतरवून ठेवीत. आणि दरवर्षी एका गावाचे एक काम पेढीने काहीही न घेता करून द्यायचे, हा त्यांचा नेम होता. त्या कामाची त्यांची एक रीत होती. नकाशा आधी कागदावर नाही, जमिनीवर काढायचा, खऱ्या मापाचा. आणि ज्यांच्यासाठी ते घर, त्यांना आठ-पंधरा दिवस त्यात हिंडूफिरू द्यायचे. ती सांगतील तसा तो बदलायचा. मग कागद.

एकोणीसशे छपन्न सालच्या माघात उंबरमाळाची निवड झाली. इंदापूर रस्त्यावरच्या फाट्यावर एस.टी.तून उतरायचे आणि दीड कोस उत्तरेला चालायचे. खाली कालव्याच्या पाण्यावर ऊस हिरवागार, आणि फाटा ओलांडला की कुसळांचा माळ. अडलेल्या बाईला गाडीत घालून वालचंदनगरच्या दवाखान्यात न्यायचे तर चार कोस. म्हणून माळावर एक लहानसे प्रसूतिगृह. दगड आणि अंगमेहनत गावाची, नकाशा पेढीचा, बाकीचे सामान आणि नर्सबाई वरच्या सरकारी कचेरीकडून, असे ठरले होते. लोकांनी माघातच दगड आणून ढीग घातला. शाळा नाही, चावडी नाही, पण त्या ढिगाकडे पाहून अप्पा म्हणत, "गाव झालं आता." माघ सरता सरता जयवंता रेघा ओढून, गावाला त्यांत हिंडायला सोडून कचेरीत परतला होता.

फाल्गुनातल्या एका मंगळवारी सकाळी वरच्या कचेरीचे पत्र आले. माळावरची वस्ती विरळ असल्याने सदर काम पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवण्यात येत आहे. मोहनरावांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जयवंतराव, तुम्ही आजच जा. ही पोस्टाने सांगायची गोष्ट नाही. त्यांनी दगड आणून टाकलाय." चष्मा पुन्हा लावत ते म्हणाले, "खुंट्या उपटून आणा. टेप आणा. आणि रेघा पुसून या. तशाच ठेवू नका. माणसं रेघांतही राहायला लागतात."

जयवंताने पत्र घडी करून खिशात ठेवले. वाटेत एस.टी.त त्याने वाक्ये जुळवली. आधी अप्पांना सांगायचे, मग कुशाबाईंना. आवाज चढू द्यायचा नाही, पडूही द्यायचा नाही. फाट्यापासून चालताना तर तो ती वाक्ये ओठांत पुटपुटत होता.

कुशाबाई माळाची सुईण. साठीच्या घरातली, बारीक अंगाची, हाताची बोटे मात्र लांब आणि सरळ. आसपासच्या सात-आठ वस्त्यांवरची निम्मी माणसे तिच्या हातून या जगात आलेली. तो पोचला तेव्हा ती बाळंतिणीच्या खोलीत मांडी घालून बसली होती आणि त्याचीच वाट पाहत होती.

"बरं झालं आलात दादा. ही खिडकी उगवतीला नगं."

"का?"

"कळा बहुतकरून पहाटं येत्यात. मूल निघंस्तवर ऊन पार बाईच्या डोळ्यांत. हितं घ्या, वाटंकडं. बाईला वाट दिसली पायजे."

"वाट कशाला?"

"कोन येतंय त्ये दिसतं. कुनी न्हाय आलं तरी वाट दिसती. तेवढाच धीर."

त्या क्षणी पत्र काढायला हवे होते. हात खिशापर्यंत गेलाही होता. पण कुशाबाई उठून पूर्वेची खिडकी स्वतःच पायाने पुसू लागली होती, आणि त्या म्हाताऱ्या पावलाच्या हालचालीत एवढा विश्वास होता की जयवंताने खाली बसून दक्षिणेच्या भिंतीत नवी खिडकी काढली. सांगायला उद्याचा दिवस होताच.

उद्या आला तेव्हा फुलाबाईला न्हाणी मोठी हवी होती. परवा अप्पांना पडवीत बाप्यांनी बसायचा कट्टा हवा होता. "आत आमची काय गरज न्हाय, ठावं हाय. पन बाहेर बसाया तरी जागा असू द्या. उभ्यानं किती येरझाऱ्या घालायच्या?" जयवंताने कट्टा काढला. बिरोबाच्या देवळाशेजारच्या खोपीत तो राहत होता. अप्पांच्या घरून भाकरी येत होती. मोहनरावांना त्याने एक कार्ड टाकले: काम चालू आहे, अजून चार दिवस लागतील. ते कार्ड पेटीत टाकताना त्याला स्वतःच्या अक्षराची लाज वाटली. अक्षर नेहमीसारखेच नीटनेटके होते.

असे का झाले, याचा विचार तो पुढे अनेक वर्षे करणार होता. भित्रेपणा तर होताच. पण केवळ भित्रेपणा असता तर तो पळून गेला असता. तो राहिला, कारण त्या रेघांत त्याला कुणी काहीतरी विचारत होते. कचेरीत तो दिवसदिवस बोलत नसे, आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नसे. इथे सकाळी तो खोपीबाहेर आला की कुणी ना कुणी आवाज देई, "जयवंतराव, आमच्या भिंतीचं काय झालं?" जे घर होणार नाही ते दिवसेंदिवस अधिक चांगले होत चालले होते. त्याने आजवर काढलेल्या कोणत्याही घरापेक्षा ते शहाणे होते. त्याची एकेक रेघ कुणाच्या तरी अनुभवावर ओढलेली होती, आणि प्रत्येक नव्या रेघेबरोबर खिशातले पत्र बाहेर काढणे अधिक कठीण होत होते.

शुक्रवारी कुशाबाई म्हणाली, "वर आढ्याला एक कडी पायजे. दोर बांधाया."

"दोर?"

"बाईला धराया कायतरी लागतं दादा. हवंला कुठवर धरंल?"

डोक्यावरच्या वस्तू नकाशात तुटक रेघेने दाखवायच्या, हे तो शिकला होता. खोलीच्या मधोमध त्याने फक्कीच्या चिमटी सोडत एक लहान, तुटक वर्तुळ काढले. कुशाबाई त्याकडे पाहत राहिली. मग तिने मान वर करून, जिथे आढे असायला हवे त्या उघड्या आभाळाकडे पाहिले, आणि "बराबर हाय," म्हणाली.

शनिवारी ती बाजाराला गेली. जयवंता त्या दिवशी पडवीच्या पायऱ्या मोजत होता.

मग रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी त्याने निश्चय केला की उद्या सकाळी उठल्याउठल्या, तोंड धुण्याआधी, अप्पांकडे जायचे. बुधवारी तो गेलाही. अप्पा रानात गेले होते. ते दुपारी येतील, असे कुणी सांगितले, आणि ते ऐकून जयवंताला जे बरे वाटले ते त्याचे त्यालाच किळसवाणे वाटले.

उन्हे डोक्यावर आली तेव्हा फाट्याच्या बाजूने धुरळा उठला. एक बैलगाडी दौडत येत होती. अप्पाही त्याच सुमारास रानातून परतत होते. गाडी दगडांच्या ढिगापाशी थांबली आणि एक तरणा गडी खाली उतरला. लांबच्या वस्तीवरचा बिरदेव. गाडीत वाकळेवर त्याची बायको सिंधुबाई होती, आणि तिचा आवाज माणसाचा वाटत नव्हता.

बिरदेवाने चोहीकडे पाहिले. "दवाखाना कुठंशी हाय?"

अप्पा पुढे झाले.

"हितं झालाय म्हनं. कुशामावशीनं बाजारात सांगितलं, आता हिकडंच आन. फाट्यावरनं खाली वालचंदनगरला वळनार हुतो. मंग म्हनलं, हितं जवळ हाय तर…" त्याची नजर जमिनीवरच्या पांढऱ्या रेघांवर आली आणि तिथेच थांबली.

कुशाबाई धावत आली. गाडीत चढून तिने सिंधुबाईच्या पोटावर हात ठेवला, दोन्हीकडून चाचपले, आणि बराच वेळ तिने हात काढला नाही. "आडवं हाय," ती म्हणाली. "मुलाचा हात खाली आलाय."

"खाली नेऊ का, मावशी?" बिरदेवाने विचारले. "बैलं दमल्यात, पन जात्याल."

"आता न्हाय. चार कोस गाडी हादरली तर वाटंतच जाईल ती. आत घ्या."

'आत' म्हणजे कुठे, हे कुणी विचारले नाही. चौघांनी वाकळेची चार टोके धरली आणि सिंधुबाईला उचलले. जयवंताने पाहिले की ती माणसे, तसल्या घाईतही, वळसा घालून पडवीच्या दारापाशी गेली आणि दारातून आत शिरली. खोलीत तिला ठेवले तेव्हा तिचे डोके बरोबर तिथे आले, जिथे कुशाबाईने सांगितले होते.

मग फुलाबाईने हाक दिली आणि घराघरांतून बायका लुगडी घेऊन आल्या. कुणी हिरवे, कुणी तांबडे, कुणी पांढरे पडलेले. त्या रेघेवर उभ्या राहिल्या, एकीने एक टोक धरले, दुसरीने दुसरे, आणि पाहता पाहता खोलीला भिंती आल्या. फक्त दक्षिणेच्या बाजूला, दोन बारीक रेघा होत्या तिथे, लुगडे धरलेल्या दोघीजणी थोड्या थोड्या बाजूला सरकल्या. तिथून वाट दिसत होती. आणि वाटेवर, जोत सोडलेल्या बैलांच्या वेसणी धरून, बिरदेव उभा होता.

पुरुष कट्ट्यावर बसले. कट्टा म्हणजे जमीनच, पण रेघेच्या आत ते ओळीने बसले. जयवंता बसला नाही. तो दगडांच्या ढिगाआड पाठमोरा उभा राहिला आणि त्याला सारे ऐकू येत राहिले.

"धराया कायतरी द्या," आतून सिंधुबाई म्हणत होती. "धराया द्या मला कायतरी."

कुशाबाईचा आवाज आला, "फुले, तू हितं ऱ्हा. हितं मधी. पाय रोवून. सिंधे, हिच्या गळ्यात हात टाक."

ऊन कलले. रेघांवर उभ्या असलेल्या बायकांचे हात अवघडले तशा त्या आळीपाळीने बदलल्या. पण भिंत कुठे उघडी पडली नाही. खिडकी बरोबर जागी होती. दार बरोबर जागी होते. खोली पुरेशी होती, फुलाबाईने मागितलेली न्हाणी पुरेशी होती, उजेड चांगला होता. जयवंताच्या मनात हे सगळे नकाशावरच्या नोंदींसारखे क्रमाने येत गेले, आणि ते थांबवणे त्याच्या हातात नव्हते.

मूल आले ते रडलेच नाही. बराच वेळ कुशाबाईच्या चापट्यांचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला, आणि एकेक करून लुगडी खाली आली.

सिंधुबाई जगली. तिला थोडे पाणी पाजून पुन्हा गाडीत घातले. ताप भरू नये म्हणून खाली वालचंदनगरला नेणे भाग होते, आणि फुलाबाई तिच्याबरोबर गेली. त्याआधी बिरदेवाने अप्पांकडे फावडे मागितले होते. माळाच्या कडेला एक बाभूळ होती, तिकडे दोघे गेले आणि थोड्या वेळाने परत आले. जाताना बिरदेवाने फावडे दगडाच्या ढिगावर नीट उभे करून ठेवले.

माळ रिकामा झाला. कुशाबाई खोलीतच बसून राहिली होती, हात गुडघ्यांवर ठेवून, बोटे पसरून. जयवंताने पायताणे काढली, दारातून आत आला आणि पत्र तिच्यापुढे धरले.

"ह्ये काय?"

"पत्र आहे. वरच्या कचेरीचं."

"मला काय वाचता येतंय? वाचा."

त्याने वाचले. 'स्थगित' म्हणजे काय तेही सांगितले. त्याला वाटले होते तसा आवाज पडला नाही. तो अगदी स्वच्छ, कोरडा आला.

"कवाचं हाय ह्ये?"

"मागल्या आठवड्यातल्या मंगळवारचं."

कुशाबाईने मान हलवली. "म्हंजी ही खिडकी हिकडं घेतली, तवा तुमच्या खिशात हुतं."

"हो."

"आन् कडी काढली तवा बी."

"हो."

"शनवारी सांगितलं म्या त्येला. बाजारात." ती त्याच्याकडे पाहत नव्हती, आपल्या बोटांकडे पाहत होती. "दर टायमाला मी चार दिस आदी जाऊन बसते बाईच्या घरी. आडवं आसलं तरी कळा लागायच्या आदी हात फिरवून सरळ करता येतं. ह्या टायमाला गेले न्हाय. म्हनलं, आता घर हाय. नर्सबाई येतील. तवर बायांना हितं याची सवय लागू दे."

"माझी चूक झाली," जयवंता म्हणाला.

ती रागावली असती, चार माणसांत बोलली असती, तर त्याला तिथे उभे राहणे सोपे गेले असते. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. लुगडे झटकले. आणि मग, जिथे दार होते तिकडे न वळता, पश्चिमेच्या रेघेवर पाय देऊन ती सरळ भिंतीतून बाहेर पडली. टाचेखाली फक्की विस्कटली. बाहेरून सगळ्या घराला वळसा घालून ती पडवीपाशी आली, आपल्या वहाणा उचलल्या, आणि त्या हातातच धरून वस्तीकडे चालू लागली.

जयवंताने खुंट्या उपटल्या. दोरी गुंडाळली, टेप गुंडाळला. मग कडुलिंबाची एक फांदी तोडून आणली आणि पडवीच्या टोकापासून रेघा पुसायला सुरुवात केली. कट्टा पुसला, दार पुसले, नर्सबाईंची खोली पुसली. वाटेकडची खिडकी पुसताना तो थोडा थांबला, कारण तिथून खरेच फाट्यापर्यंतची वाट दिसत होती. ती रिकामी होती.

शेवटी तो खोलीच्या मधोमध आला, कडीचे ते तुटक वर्तुळ पुसायला. पण तिथे पुसण्यासारखे काही उरले नव्हते. फक्कीचा कणही नव्हता. मातीत खोल रुतलेले फुलाबाईच्या पावलांचे दोन ठसे तेवढे होते.